वाहनाची ओढक्षमता

वाहनाची ओढक्षमता म्हणजे ट्रेलर किंवा ट्रॉली जोडून एखादे वाहन जास्तीत जास्त किती वजन सुरक्षितपणे ओढू शकते, याची मर्यादा. या वजनात ट्रॉलीचे रिकामे वजन आणि तिच्यातील माल या दोन्हींचा समावेश होतो. ही मर्यादा केवळ इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून नसते. चाकांची पकड, ब्रेक, टायर, एक्सल आणि जोडणीचा हूक यांपैकी सर्वांत कमकुवत असलेला घटक ती ठरवतो.

वजनाचा हिशोब

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने तेथील अनेक रस्ते चढउताराचे आहेत. अशा भागात ट्रॅक्टर-ट्रॉलीतून भात, पेंढा, विटा यांची वाहतूक होते. ट्रॉली किती भरलेली दिसते यावरून वजनाचा अंदाज बांधणे फसवे असते. पेंढ्याची उंच रचलेली ट्रॉली तुलनेने हलकी असते, पण तिचा गुरुत्वमध्य वर गेल्याने ती वळणावर कलंडू शकते. याउलट एका विटेचे वजन ३ किलोग्रॅम धरल्यास १,००० विटांचे वजन ३ टन होते. त्यामुळे खात्रीचे वजन वजनकाट्यावरच कळते.

चढाचा परिणाम

सपाट डांबरी रस्त्यावर टायर फिरते ठेवण्यासाठी टनामागे सुमारे १५ किलोग्रॅम बल लागते. चढावर यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. २० मीटर अंतरात १ मीटर उंची गाठणाऱ्या (२० ला १) चढावर टनामागे आणखी ५० किलोग्रॅम बल लागते.

आसनगाव स्थानक ज्या मुंबई–नाशिक लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर पुढे कसारा ते इगतपुरी दरम्यान थळ घाट लागतो. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या या घाटमार्गावरील चढ ३७ ला १ आहे, म्हणजे तेथे टनामागे सुमारे २७ किलोग्रॅम अधिक बल लागते. सपाटीवर गाडी सहज ओढणारे इंजिन येथे अपुरे पडते. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कसारा येथे जादा इंजिने (बँकर) जोडतात आणि इगतपुरीला ती काढून घेतात. ट्रॅक्टरला अशी मदत मिळत नसल्याने वाटेतील सर्वांत तीव्र चढ विचारात घेऊनच माल भरावा लागतो.

नमुना गणित

२ टनांचा ट्रॅक्टर, १.५ टनाची चारचाकी ट्रॉली आणि ४ टन माल असे एकूण वजन ७.५ टन धरू. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर १.३ टन भार आहे.

सपाटीवर लागणारे बल: ७.५ × १५ = सुमारे ११३ किलोग्रॅम.
२० ला १ चढावर: ७.५ × ६५ = सुमारे ४८८ किलोग्रॅम.
कोरड्या डांबरावरील पकड (घर्षणांक ०.७): ९१० किलोग्रॅम.
चिखलाने माखलेल्या ओल्या रस्त्यावरील पकड (घर्षणांक ०.३): ३९० किलोग्रॅम.

म्हणजेच कोरड्या रस्त्यावर हा चढ पार होतो. ओल्या रस्त्यावर मात्र इंजिन कितीही ताकदवान असले तरी चाके जागीच फिरतात.

उतार आणि ब्रेक

वजन ओढता येणे आणि ते थांबवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॉलीला ब्रेक नसल्यास संपूर्ण ७.५ टन वजन ट्रॅक्टरच्या मागील चाकांनाच रोखावे लागते. वरील उतारावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लावल्यास कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे १८ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर त्यासाठी ९० मीटरांहून अधिक अंतर लागते. चालकाला ब्रेक दाबेपर्यंत लागणारा वेळ यात धरलेला नाही. वळणावर ब्रेक लावल्यास मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवा करू शकते. त्यामुळे सुरक्षित ओढभार चढापेक्षा उतारावरून ठरवणे श्रेयस्कर असते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक असणे हे त्यावरील प्रमुख उपाय आहेत.

कायदेशीर मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद एकूण वजनापेक्षा अधिक भार असलेले वाहन किंवा ट्रेलर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. प्रमाणपत्रातील आकडा ही कमाल मर्यादा असते. चढ, उतार आणि रस्त्याची स्थिती पाहता प्रत्यक्षातील सुरक्षित भार त्याहून कमी असू शकतो.