आकाशमार्गे औषध आणि आपले भांडवल

बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात मांडू येथील मुक्कामातील, म्हणजे इ. स. १६१७ च्या सुमाराची, एक मौजेची हकीगत नमूद केली आहे. त्याने शिकवून तयार करविलेली कबुतरे सकाळी मांडूहून सोडली असता ती आपल्या बऱ्हाणपुरास येत. पावसाळी हवेत त्यांना दीड ते अडीच प्रहर लागत. आकाश निरभ्र असले की बहुतेक एका प्रहरात, आणि काही तर अवघ्या चार घटकांत येऊन पोहोचत. चार घटका म्हणजे सुमारे ९६ मिनिटे. मध्ये नर्मदा आहे, सातपुड्याच्या रांगा आहेत. घोडेस्वाराला त्या काळी किती दिवस लागत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. तेव्हा तापीकाठच्या या शहराला आकाशमार्गाचे दळणवळण अगदीच अपरिचित नाही. फरक एवढाच की, कबुतर चिठ्ठी वाही. आजचे चालकरहित विमान, ज्याला सर्वत्र ड्रोन म्हणतात, रक्ताची पिशवी वाहते.

हे स्मरण होण्यास कारण घडले ते असे. आमच्या पेढीवर एक तरुण सभासद आले. वडिलार्जित कापडाचा व्यापार उत्तम चालविणारे, वृत्तीने धार्मिक. त्यांच्या हाती एका कंपनीचे माहितीपत्रक होते. दुर्गम भागात ड्रोनने औषधे पोहोचविणाऱ्या त्या कंपनीत भाग घ्यावेत, म्हणजे पैसाही वाढेल आणि औषधदानाचे पुण्यही पदरी पडेल, असा त्यांचा मानस. "काका, यात नाही म्हणण्यासारखे काय आहे?" असे त्यांनी विचारले. प्रश्न चांगला होता. म्हणूनच उत्तर घाईने देता येईना.

प्रथम या उद्योगाचे मर्म पाहू. आफ्रिकेतील रवांडा हा डोंगराळ देश. तेथे झिपलाइन या अमेरिकन कंपनीने २०१६ च्या ऑक्टोबरात मुहांगा येथून रुग्णालयांना रक्त पुरविण्यास आरंभ केला. पंख असलेले लहानसे विमान यंत्राच्या झटक्याने हवेत सोडतात. ते रुग्णालयाच्या अंगणावर येऊन छोट्या हवाई छत्रीने पेटी खाली टाकते आणि न उतरताच माघारी फिरते. लोक वेगाचे कौतुक करतात. आम्हास मात्र त्यातील साठ्याचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. रक्त हा नाशवंत माल. तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस. गट आठ. प्रत्येक खेड्यातील दवाखान्याने आठही गटांचा साठा ठेवावयाचा म्हटले तर बहुतेक माल पडून वाया जाणार. न ठेवावा तर नेमक्या वेळी बाळंतिणीचा जीव जाणार. हा पेच किराणा व्यापाऱ्याला समजावून सांगावयास नको. माल मध्यवर्ती वखारीत ठेवावा व मागणी येताच तासाभरात पोहोचवावा, हा त्यावरचा तोडगा. आणि तो लागू पडला, याला पुरावा आहे. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२,७३३ मागण्या तपासल्या गेल्या. ड्रोनने रक्त पोहोचण्यास सरासरी सुमारे ५० मिनिटे लागत, आणि वर्षभरात दवाखान्यांत मुदत टळून वाया जाणारे रक्त ६७ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडेही प्रयोग झाले आहेत. पालघर जिल्ह्यात २०२१ च्या डिसेंबरात जव्हारहून झाप या गावी ३०० लसमात्रा ड्रोनने गेल्या. ऋषिकेशच्या एम्सने २०२३ च्या फेब्रुवारीत टिहरीस क्षयाची औषधे धाडली. पुढच्याच वर्षी भोपाळच्या एम्सने गौहरगंजकडे असेच उड्डाण केले. खाली तापीखोऱ्यात नंदुरबार परिसरात, आणि पुण्याजवळ, झिपलाइनची केंद्रे उभी राहणार असे २०१९ मध्ये जाहीर झाले होते. मुहूर्त २०२० चा होता, ते वर्ष साथीत गेले आणि केंद्रे काही ठरल्या वेळी उभी राहिली नाहीत. आमच्या जिल्ह्यात खकनार, धुळकोट भागातील डोंगरवस्त्या ज्यांनी पावसाळ्यात पाहिल्या आहेत त्यांना या साधनाची निकड वेगळी सांगावी लागणार नाही.

परंतु निकड असणे ही एक गोष्ट, आणि त्या निकडीचे बिल कोणी चुकते करणे ही दुसरी. ज्याला रक्त हवे तो आदिवासी कोरकू बांधव उड्डाणाचे भाडे देणार नाही. ते सरकारनेच द्यावयाचे. रवांडात सरकारच ग्राहक आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने झिपलाइनला आफ्रिकेतील विस्तारासाठी १५ कोटी डॉलरपर्यंत साहाय्य जाहीर केले, तेही त्या त्या देशाच्या सरकारने वापराचे पैसे देण्याचा करार करावा या अटीवर. ही अट आम्हास फार शहाणपणाची वाटली. कारण दुसरे उदाहरणही समोर आहे. ऑस्ट्रेलियातील स्वूप एअरो या कंपनीने २०१८ मध्ये वानुआतूच्या बेटांवर बालकांना लस पोहोचविली, पुढे मलावीत कार्य केले. सेवेत खोट काढण्यास जागा नव्हती. तरीही २०२४ मध्ये ती कंपनी प्रशासकाच्या हाती गेली.

आता भाग घेऊ इच्छिणाऱ्याने कोठे जावे? केवळ औषधे वाहणाऱ्या बऱ्याच कंपन्या शेअरबाजारात नोंदलेल्याच नाहीत. झिपलाइनही खासगी मालकीची. आपल्या बाजारात ड्रोनच्या नावाने जे मिळते ते बहुधा निराळेच असते. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचे उदाहरण घ्यावे. तिची विमाने मुख्यत्वे टेहळणी व भूमापनासाठी. तिचा ६७२ रुपयांचा भाग २०२३ च्या जुलैत बाजारात आला तेव्हा सुमारे १,३०० रुपयांना उघडला. मागणी शंभर पटींहून अधिक होती. २०२५ च्या प्रारंभी तोच भाग मूळ किमतीच्याही बराच खाली होता. कंपनीला बोल लावण्याचा हेतू नाही. पण औषधाच्या भावनेने टेहळणीचा भाग विकत घेऊ नये. आणि नोंदणी नसलेल्या कंपनीचे पत्रक कोणी गावभर वाटू लागला तर सावध व्हावे, कारण खासगी भागविक्रीसाठी कायद्याने वर्षात २०० व्यक्तींची मर्यादा घातलेली आहे.

राहिला पुण्याचा प्रश्न. आपल्या वाडवडिलांच्या चोपड्यांत धर्मादायाचे खाते निराळे आणि व्यापाराचे निराळे असे. औषधदान करावयाचे तर ते मोकळ्या हाताने करावे. त्यासाठी आता सोशल स्टॉक एक्स्चेंजचा मार्गही २०२३ पासून खुला आहे. तेथील एका रोख्यात व्याज नाही आणि मुद्दलही परत येत नाही, व तसे स्पष्ट सांगितलेले असते. हा प्रामाणिकपणा आम्हास आवडतो. भांडवल गुंतवावयाचे तर मात्र ते मोजूनमापून गुंतवावे. दोन्ही एकाच ओळीत लिहिले म्हणजे तोट्याला दान म्हणण्याची, आणि दानाकडून नफा मागण्याची, सवय जडते.

त्या तरुण सभासदांना आम्ही तीनच गोष्टी विचारून येण्यास सांगितले: एका उड्डाणाचा सगळा खर्च किती, तो कोण देतो, व किती वर्षांच्या करारावर, आणि ज्या गावी विमान जाते तेथे पूर्वीपेक्षा किती औषध किंवा रक्त वाया जाण्यापासून वाचले. पंधरा दिवसांनी ते परत आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापील मिळाले होते, तिसऱ्याचे छायाचित्रांच्या रूपाने. दुसऱ्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे, आणि तोवर रक्कम पेढीतच आहे.