अरबी समुद्राचा उच्छ्वास

बारडोली म्हटले की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे १९२८ चा करबंदीचा लढा आणि वल्लभभाई पटेल उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. आम्हा इथे राहणाऱ्यांना मात्र बारडोलीचे आणखी एक रूप रोज दिसते, ते म्हणजे उसाचे. दिवाळी सरली की साखर कारखान्याचे धुराडे पेटते, धुळे-नंदुरबारकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन शिवारात पाले ठोकतात आणि गुजरातीच्या गजबजाटात अचानक अहिराणी कानी पडू लागते. पौषातल्या पहाटे धुके, धुराड्याचा धूर आणि चुलींचा धूर ही तिन्ही एकमेकांत इतकी मिसळतात की कोणते कुठे संपते ते कळू नये. अशाच एका सकाळी आमच्या घरातील शाळकरी मुलाने विचारले, "हा सगळा धूर शेवटी जातो कुठे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही समुद्रापर्यंत जाऊन पोहोचलो. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उसाचे पान हवेतला कार्बन डायॉक्साइड घेते आणि त्यातल्या कर्बाची साखर बनविते. एक किलो साखरेत सुमारे ४२० ग्रॅम कर्ब असतो. सकाळच्या चहातून तो आपल्या पोटात जातो आणि दुपारपर्यंत त्यातला बराचसा आपण श्वासावाटे हवेला परत केलेला असतो. चिपाडे भट्टीत जळतात, पाचट शेतात कुजते किंवा जाळले जाते. उरलेला काही अंश, मातीच्या कणांना चिकटून, पावसाच्या लोंढ्याबरोबर मिंढोळा नदीत उतरतो. जेथे गायकवाडांची सुरुवातीची राजधानी होती, त्या सोनगडच्या डोंगराळ मुलखातून निघणारी ही लहानशी नदी बारडोलीवरून पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेच्या दक्षिणेस समुद्राला मिळते. तिच्याबरोबर आपला कर्बही समुद्राच्या हिशेबात जमा होतो.

समुद्राचा हिशेब मात्र फार मोठा आहे. हवेत जितका कर्ब आहे त्याच्या चाळीसपटींहून अधिक कर्ब महासागरांत साठलेला आहे. तो मुख्यतः विरघळलेल्या क्षारांच्या, म्हणजे बायकार्बोनेटच्या रूपात असतो. वायूच्या रूपात त्यातला शंभरावा हिस्साही क्वचितच असेल. पण हवेशी देवघेव होते ती या थोड्याशा वायूमार्फतच. माणसाने कोळसा, तेल व जंगले जाळून जो कार्बन डायॉक्साइड हवेत सोडला, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्राने आजवर पोटात घातला आहे.

ही देवघेव समजण्यासाठी सुरतेच्या कोणत्याही नाक्यावरची गोटीसोड्याची बाटली पुरे. बर्फात ठेवलेली बाटली फोडली तर सोडा बराच वेळ तिखट लागतो. उन्हात राहिलेली बाटली फसकन फेसाळते आणि क्षणात बेचव होते. थंड पाण्यात हा वायू अधिक मुरतो, ऊन पाण्यात कमी. गोठणबिंदूजवळचे पाणी पंचवीस अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वायू धरून ठेवते. म्हणूनच नॉर्वे-ग्रीनलंडच्या बाजूला हिवाळ्यात गारठलेले पाणी हवेतला कर्ब घेऊन खोल बुडते आणि तो शतकानुशतके तळाशी कोंडून ठेवते. पाठ्यपुस्तकांत जो समुद्र असतो तो हा.

आपला अरबी समुद्र या पुस्तकात बसत नाही. तोही वर्षातून दोनदा गार होतो. पण त्या दोन्ही वेळा तो कर्ब गिळण्याऐवजी बाहेर टाकतो. आम्हाला हे प्रथम वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

पहिली थंडी मार्गशीर्ष ते माघ या काळातली. ईशान्येकडून, जमिनीवरून आलेले कोरडे वारे गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रावर पसरतात. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने समुद्राचा पृष्ठभाग गार होतो. पाणी वाफ होऊन जाते, मागे राहिलेले थंडही होते आणि अधिक खारटही. थंड आणि खारट पाणी जड असते. ते खाली बसते, खालचे वर येते, आणि शेतात नांगर फिरावा तसा वरचा सुमारे शंभर मीटरांचा थर ढवळून निघतो. पृष्ठभागाचे तापमान चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरते. खालून वर आलेल्या पाण्यात नायट्रेटसारखी खते असतात. वर स्वच्छ आकाश आणि भरपूर ऊन असतेच. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, म्हणजे प्लवकांचे, अमाप पीक येते. उष्ण कटिबंधातल्या समुद्राला हिवाळ्यात असा बहर का यावा हे कोडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उलगडून दाखविले. 'सागर कन्या' या संशोधन-नौकेवरून त्या दशकात ज्या सफरी झाल्या, त्यांचे हे फळ होते.

मात्र खतांबरोबर आणखी काहीतरी वर येते. वर्षानुवर्षे मेलेले प्लवक, माशांची विष्ठा, कवचांचे तुकडे वरून खाली झिरपत राहतात आणि वाटेत कुजतात. त्या कुजण्याने खालच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि कर्ब साठत जातो. हिवाळी नांगर हा साठाही उकरून वर आणतो. एकीकडे गारवा पाण्याची वायू धरण्याची शक्ती वाढवितो, प्लवकही कर्ब शोषून घेतात. दुसरीकडे खालून आलेला जुना कर्ब पाण्यात भर घालतो. या ओढाताणीत जुना कर्बच बहुधा जड ठरतो. मध्य व पूर्व अरबी समुद्र वर्षाचे बाराही महिने हवेला कर्ब देत असतो, असा निष्कर्ष याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडला.

चैत्र-वैशाखात वारे पडतात, पाणी तापते, वरच्या थरातली खते संपतात आणि समुद्र निळा व जवळजवळ उपाशी राहतो. त्या काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही.

दुसरी थंडी ऐन पावसाळ्यातली, आणि ती खालून येते. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत वरचे पाणी दूर सरते आणि त्याची जागा घ्यायला खोलातले थंड पाणी उथळ भागावर चढते. उत्तरेकडे, गुजरातपर्यंत येता येता हा जोर मंदावतो. गोव्यात कांदोळीच्या समोर थोडे आत जाऊन १९९७ पासून या पाण्याचे नियमित मोजमाप होत आले आहे. तेथे आषाढ-श्रावणात तळाजवळचे पाणी बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरते. वर मात्र पावसाच्या आणि मांडवी-जुवारीच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर दुधावरच्या सायीसारखा पसरलेला असतो. या सायीखाली हवा पोहोचत नाही. प्लवक भरभरून वाढतात, मरतात, तळाशी कुजतात. प्राणवायू संपतो, कर्ब वाढतो, पाणी आम्ल होते. भाद्रपद-आश्विनात तर कधीकधी कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायूही तळाशी तयार होतो. अशा पाण्यातून मासे पळ काढतात. तिसऱ्या-कालवांसारख्या कवचधारी जीवांना पळताही येत नाही. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, या उथळ किनाऱ्यावरची प्राणवायूची टंचाई तीव्र होत आहे, आणि शेतांतून वाहून येणारी खते हे त्याचे एक कारण असावे. कार्तिकानंतर प्रवाह उलटतो आणि हे पाणी पुन्हा ताजे होते.

या कर्बापैकी खोल तळाशी किती पोहोचतो? १९८६ पासून भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात तीन हजार मीटरपर्यंतच्या खोलीवर नरसाळ्यासारखी यंत्रे टांगून वरून पडणारे कण बाटल्यांत गोळा केले. त्या बाटल्यांत पावसाळा स्पष्ट दिसला. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत कणांचा वर्षाव सर्वाधिक, हिवाळ्यात त्याहून कमी, मधल्या महिन्यांत नाममात्र. आपल्या शेतांचे खरीप-रब्बी समुद्राच्या तळापर्यंत पोहोचलेले असते, हे आम्हाला तरी फार रमणीय वाटते.

आता आपल्या दारचा समुद्र. सुरतेजवळच्या डुमसला गेलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याने नाक मुरडलेले आम्ही पाहिले आहे. वाळू काळी, पाणी चहासारखे गढूळ, आणि ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की शोधावा लागावा. खंबायतच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी. भावनगरकडे भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरांच्या आसपास अंतर पडते. हे पाणी दिवसातून दोनदा चिखल ढवळते. त्यामुळे खते भरपूर असूनही ऊन आत शिरत नाही, प्लवकांचे पीक यथातथाच येते, आणि नद्यांनी आणलेला पाचोळा मात्र कुजत राहतो. भारतातील नद्यांच्या मुखांची पावसाळ्यात पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक मुखे हवेला कर्ब देणारीच आढळली. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हापासून तापीचा बराचसा गाळ धरणामागेच थांबतो. त्याच धरणाच्या कालव्यांनी आपल्या उसाला पाणी दिले. म्हणजे आमच्या बारडोलीची साखर आणि समुद्राचा गाळ एकाच जमाखर्चात मांडावे लागतात.

हा जमाखर्च गेल्या काही वर्षांत बिघडू लागल्याच्या खुणा आहेत. २००० नंतर उत्तर अरबी समुद्राच्या हिवाळी बहरात पूर्वीच्या प्लवकांच्या जागी 'नॉक्टिल्यूका' नावाचा हिरवट जीव मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी. माशांच्या पोटी त्यातले फारसे येत नाही. वेरावळसारखी देशातली मोठी मासेमारी बंदरे ज्या हिवाळी पिकावर जगतात, त्याच पिकाचे हे तण आहे. ते प्राणवायूच्या टंचाईमुळे माजले, असे काही शास्त्रज्ञ २०१४ पासून मांडत आले आहेत. इतरांचा त्याला आक्षेप आहे आणि वाद मिटलेला नाही. रात्री हा जीव लाटांबरोबर निळा चमकतो. जुहूला तो दिसला की मुंबईकर मुलाबाळांना घेऊन पाहायला जातात. आमच्या घरातील त्या मुलालाही तो पाहायचा आहे. येत्या माघात त्याला नेण्याचे आम्ही कबूल केले आहे.