गोव्याच्या फुटबॉलचे पारडे कोणी फिरविले?

शिक्षकाला किंवा कारकुनाला बदली हा शब्द चांगला ठाऊक असतो. हुकूम वरून येतो, सामान बांधले जाते, मुलांच्या शाळेचा प्रश्न मागे उरतो. फुटबॉलपटूच्या बदलीत निर्णयाचा हक्क निदान काही अंशी खेळाडूकडे असतो. हा हक्कही त्याला सहजासहजी मिळालेला नाही. करार संपल्यावरही जुना संघ खेळाडूसाठी मोबदला मागू शकत असे. बेल्जियमच्या बॉसमन या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली आणि 1995 च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने ती प्रथा मोडीत काढली. तेव्हापासून बलाढ्य संघ अधिक बलाढ्य झाले, ही तक्रार जगभर ऐकू येते. आपल्या शेजारच्या गोव्यातील अनुभव तपासला, तर या तक्रारीत अर्धेच सत्य आहे असे दिसते.

2006-07 ते 2012-13 या सलग सात हंगामांत भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपोने ते चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगांवकरने एकदा जिंकले. कलकत्त्याच्या मोहन बागान व ईस्ट बंगालपाशी लाखांचा प्रेक्षकवर्ग व पैसा दोन्ही होते. गोव्याची लोकसंख्या मात्र पंधरा लाखांच्याच आसपास. तरीही पारडे गोव्याकडे झुकले. गोव्याचे खेळाडू बाहेर जात नव्हते असे नाही. महेश गवळी हा उत्तम बचावपटू ईस्ट बंगालकडून खेळला, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला आणि नंतर धेंपोत स्थिरावला. गेलेला माणूस परत येऊ शकेल असे घर तेथे शिल्लक होते, हे महत्त्वाचे.

त्याआधीच्या पिढीत चित्र निराळे होते. ब्रह्मानंद संखवाळकरांसारखा भारताचा कर्णधार राहिलेला गोलरक्षक कारकिर्दीचा बहुतांश काळ साळगांवकरकडेच राहिला. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र यांच्या संघांत खेळणे म्हणजे पुष्कळदा नोकरी मिळणे होय. त्या काळी संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे, आणि मध्यमवर्गीय घरात तो निर्णय किती विचारांती होतो हे सांगायला नको. या व्यवस्थेत खेळाडूला सुरक्षितता होती, पण त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार मालकाकडे होता. तिचे गोडवे गाताना एवढे विसरू नये.

2011-12 च्या हंगामात धेंपोच्या रांटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीपटूने 32 गोल केले आणि संघ विजेता झाला. पुढच्याच हंगामात तो कलकत्त्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. त्या वर्षीही सर्वाधिक गोल त्याचेच होते. विजेतेपद मात्र चर्चिल ब्रदर्सने नेले. म्हणजे सर्वांत मोठा खेळाडू ज्याने घेतला तो जिंकला नाही, ज्याने गमावला तोही जिंकला नाही. धेंपोला पाच विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक आर्मांडो कोलासो 2013 मध्ये ईस्ट बंगालकडे गेले. 2014-15 मध्ये धेंपो खालच्या श्रेणीत ढकलला गेला.

तरीही एवढ्या अधोगतीचे खापर खेळाडूंच्या जाण्यावर फोडणे योग्य ठरणार नाही. गोव्यातील मोठे संघ खाणींच्या पैशावर उभे होते आणि 2012 च्या सप्टेंबरात खाणकामच थांबले. (धेंपे समूहाने आपला खाण व्यवसाय त्याआधीच, 2009 मध्ये विकला होता, तेव्हा हेही कारण सर्वांना सारखे लागू नाही.) ज्या जिल्ह्यात प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखान्यांभोवती शाळा, महाविद्यालये उभी राहिली, त्या नगरच्या वाचकाला उद्योग आणि संस्था यांचे हे नाते वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

खरा फेरबदल मैदानाबाहेर झाला. 2010 च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांच्या करारान्वये, रिलायन्सशी संबंधित कंपनीला दिले. त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. एफसी गोवा हा नवा संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या मालकांत श्रीनिवास धेंपे आणि दत्तराज साळगांवकर हे होतेच. जुन्या संघांचे खेळाडू नव्या संघांना उसने देण्यात आले. मालक तेच, गावे तीच. प्रतिष्ठा मात्र दुसऱ्या पंगतीला बसली. जुन्या स्पर्धेला दुय्यम स्थान देणारा आराखडा महासंघाने मांडला, तेव्हा 2016 मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. मोहन बागान व ईस्ट बंगाल यांना 2020 मध्ये नव्या स्पर्धेचे दार उघडले. गोव्याच्या जुन्या संघांना ते उघडले नाही.

आय-लीगमध्ये टिकून राहिलेल्या चर्चिल ब्रदर्सची कहाणी तर अधिक बोलकी आहे. 2024-25 च्या हंगामाअखेर 40 गुणांसह तो संघ आघाडीवर होता. महासंघाच्या अपील समितीने एप्रिल 2025 मध्ये त्याला विजेता ठरविले. इंटर काशी हा प्रतिस्पर्धी संघ स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे गेला. वाद गोलांचा नव्हता. प्रतिपक्षाने अपात्र खेळाडू उतरविला होता काय आणि एका परदेशी खेळाडूची पुन्हा केलेली नोंदणी नियमांत बसते काय, एवढाच तो होता. जुलैत निकाल इंटर काशीच्या बाजूने लागला, त्याचे 42 गुण झाले आणि विजेतेपदासह सुपर लीगचे दारही चर्चिलच्या हातून गेले. गोव्याच्या मैदानात नव्वद मिनिटे घाम गाळणाऱ्या पोरांचा हंगाम लोझानच्या एका कचेरीत, नोंदणीच्या कागदावर संपला.