गोदीतले आजोबा

आमच्या डॉर्मिटरीत मी सगळ्यांना सांगितले होते की माझे आजोबा नेव्हीत होते. ते पूर्ण खरे नव्हते, हे मला यंदाच्या उन्हाळी सुट्टीत कळले.

आजोबा आता बंगळुरूलाच काकांकडे राहतात. १ मेला आम्ही मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृहातील माजी सैनिकांनी उभे राहावे, अशी विनंती झाली. चौघे उभे राहिले, टाळ्या पडल्या. आजोबाही बसल्या जागी टाळ्या वाजवत होते. मी त्यांना कोपराने ढोसले. ते म्हणाले, "अरे, मी सैनिक नव्हतो. मी डॉकयार्डात फिटर होतो." घरी येईपर्यंत मी गप्प होतो. रात्री मात्र त्यांना विचारले, "आजोबा, फिटर म्हणजे नक्की काय करायचात?" त्यांनी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते येथे लिहीत आहे.

मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात आजोबांनी ४० वर्षे नोकरी केली. ही गोदी फार जुनी आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी अठराव्या शतकात येथे जहाजबांधणी सुरू केली. वाडिया घराण्याने येथे सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' हे १८१७ सालचे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे.

जहाजाचा बुडाचा भाग दुरुस्त करायचा तर ते पाण्याबाहेर हवे. पण हजारो टनांचे जहाज उचलणार कसे? म्हणून जहाज न उचलता पाणीच काढतात. ड्राय डॉकच्या तळाशी आधी ठोकळ्यांची रांग मांडतात. प्रत्येक जहाजाचा आकार वेगळा, म्हणून ही मांडणी नकाशा पाहून करावी लागते. जहाज आत आले की दार बंद करून पंपाने पाणी उपसतात. पाणी उतरत जाते तसे जहाज हळूहळू ठोकळ्यांवर बसते. मांडणी चुकली तर सगळे वजन एकाच जागी येऊन बूड दबू शकते.

मग बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडतात. त्यांच्यामुळे जहाजाचा वेग घटतो आणि इंधन जास्त लागते. गंजलेले पत्रे बदलतात. पंखा, त्याचा दांडा, समुद्राचे पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह तपासतात. बुडावर जस्ताचे नवे तुकडे बसवतात. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजते आणि पोलाद वाचते. आजोबांचे काम व्हॉल्व्हचे होते. "एक व्हॉल्व्ह गळला तर समुद्र आत येतो," ते म्हणाले.

या कामाचे मोल १९७१ साली दिसले. विमानवाहू 'विक्रांत'च्या बॉयलरच्या ड्रमना तडे गेले होते. ते वेल्डिंगने भरून येणारे नव्हते आणि नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. विमान उडवायला जहाजाला वेग लागतो, कारण समोरून वारा मिळावा लागतो. विमान फेकणाऱ्या कॅटापल्टलाही वाफच लागते. अखेर बॉयलर कमी दाबाने चालवून मार्चमध्ये चाचण्या झाल्या. मूळ वेग सुमारे २४ नॉट्सचा. चाचणीत १४ मिळाला. तेवढ्यावर भागवायचे ठरले. ४ डिसेंबरला 'विक्रांत'वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या तळांवर हल्ले केले.

मी विचारले, "तुम्ही होतात त्या कामात?"

"नाही. मी तेव्हा शिकाऊ होतो, दुसऱ्या शॉपमध्ये. जे केले नाही ते केले म्हणून सांगू नये."

हे वाक्य मला लागले. मी न विचारताच सांगून टाकले होते.

आपल्या शाळेत शौर्यपदके मिळवणाऱ्यांची नावे आपण आदराने वाचतो, ती वाचलीच पाहिजेत. पण ४ डिसेंबरला जहाजे समुद्रात जाऊ शकली, त्यामागे गोदीतल्या हजारो कामगारांचे हात होते. त्यांना उभे राहण्याची विनंती सहसा कोणी करत नाही.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच रात्री मी डॉर्मिटरीत चूक दुरुस्त केली. माझे आजोबा नेव्हीत नव्हते. ते नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, ४० वर्षे.