छातीतली धमनी सोडवताना

बंगळूरुहून होसूरकडे निघालं की बोम्मसंद्रा लागतं. देवी शेट्टींनी 2000 साली स्थापलेलं नारायण हृदयालय तिथलंच. बायपास कमी खर्चात आणि मोठ्या संख्येनं करता येते, हे त्यानं जगाला दाखवलं. सरकारी जयदेव हृदयरोग संस्थाही बंगळूरुतलीच. हा इतिहास पुष्कळदा लिहून झालाय. मला गुंतवलं ते हृदयाला हात लागण्याआधीच्या कामानं.

छातीच्या हाडाच्या आतल्या अंगाला, कडेपासून बोटभर अंतरावर, जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची एक धमनी उतरते. डावीकडच्या धमनीला सर्जन ‘लीमा’ म्हणतात. तिचं वरचं टोक तसंच ठेवून खालचं सोडवायचं आणि हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडायचं. लेनिनग्राडच्या कोलेसोव्ह यांनी 1964 साली छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली. क्लीव्हलंड क्लिनिकनं 1986 साली आकडे मांडले: हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्या खराब असलेल्यांत, लीमा वापरलेल्यांपैकी 82.6 टक्के दहा वर्षांनी हयात होते. फक्त पायाच्या शिरा वापरलेल्यांपैकी 71 टक्के.

म्हणून ही धमनी न दुखावता काढणं फार मोलाचं. सर्वांत रुळलेलं हत्यार म्हणजे कॉटरी. विजेच्या उष्णतेनं ती कापते आणि रक्तही थांबवते. स्वस्त, हाताच्या सवयीची, पण टोकाशी उष्णता दीडशे अंशांच्या पार जाते, धूर होतो. दुसरा मार्ग कात्री आणि धातूच्या क्लिपांचा. त्यात उष्णता नाही, मात्र धमनीची प्रत्येक फांदी वेगळी बांधावी लागते.

तिसरं हत्यार हार्मोनिक, आणि त्याची करामत थक्क करणारी आहे. मुठीतले स्फटिक विजेचं कंपन करतात. पातं सेकंदाला सुमारे 55,500 वेळा मागंपुढं होतं, डोळ्यांना मात्र स्थिर दिसतं. त्या घर्षणानं प्रथिनांचा चिकट साका होतो, बारीक फांदीचं तोंड बुजतं, मग ती तुटते. रुग्णाच्या अंगातून वीज जात नाही. उष्णता सहसा शंभर अंशांच्या आत राहते. पण पातं एकाच जागी रेंगाळलं तर तेही तापतं आणि धमनीची भिंत भाजते. शिवाय हे पातं महाग, एकदाच वापरण्यासाठी बनवलेलं. कमी खर्चात बायपास करू पाहणाऱ्या रुग्णालयाला हा हिशेब टाळता येत नाही.

हार्मोनिकनं एक नाजूक पद्धत सोपी केली. पूर्वी धमनी भोवतालच्या शिरा-स्नायूंच्या पट्टीसकट उचलत. आता अनेक सर्जन तेवढी धमनीच सोडवतात. ती लांब मिळते, छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा जास्त टिकतो. आपल्याकडच्या मधुमेही रुग्णांत, विशेषतः दोन्ही बाजूंच्या धमन्या घेताना, याचं महत्त्व मोठं, कारण ते हाड चिघळलं तर जीवावर बेततं.

पण 2021 साली कॉम्पास नावाच्या औषध-चाचणीतल्या, बायपास झालेल्या रुग्णांचं विश्लेषण आलं. शस्त्रक्रियेनंतर सुमारे वर्षभरानं केलेल्या सीटी स्कॅनमध्ये, नुसत्या सोडवलेल्या धमन्यांपैकी 9.6 टक्के बंद आढळल्या, पट्टीसकट काढलेल्यांपैकी 3.9 टक्के. चिठ्ठ्या टाकून केलेली ही तुलना नव्हती, त्यामुळे दोष पद्धतीचा की हाताचा, हे ठरत नाही. तरी मला ती धोक्याची सूचना वाटते. हत्यारांची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास लागलेली मिनिटं, वापरलेल्या क्लिपा, त्या दिवशीचा रक्तप्रवाह मोजतात. रुग्णाला हवी असते ती दहा वर्षांनी उघडी राहिलेली धमनी.

घरातल्या कुणाची बायपास ठरली तर सर्जनना जरूर विचारा: कोणती धमनी घेणार, पट्टीसकट की नुसती, आणि त्या पद्धतीवर तुमचा हात किती बसलाय?