ग्रामसभेचे बळ : मेंढा गावाचा धडा

बांध घालणे, झाडे लावणे, तळे खोदणे ही कामे पैशाने उभी राहतात. परंतु ती टिकतात गावाच्या निर्णयाने. ज्या कामाचा विचार गावाने स्वतः केलेला नाही, त्याची निगाही गाव आपलेपणाने राखीत नाही. म्हणून ग्रामसभा हे ग्रामविकासाचे पहिले साधन होय. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गावाने हे प्रत्यक्ष करून दाखविले आहे.

ह्या गावाच्या परिसरात सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे. पूर्वी येथील बांबू सरकारशी झालेल्या कराराने कागद गिरणीकडे जात असे. पुढे २००६ च्या वन हक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि २००९ साली मेंढ्यास सामूहिक वन हक्क मिळाला. तथापि बांबू गावाबाहेर विकावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. विक्रीवाचून हक्काचे मोल ते काय? गावाने मागणी सोडली नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक गावात येऊन ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

हे बळ एका दिवसात आले नाही. श्री. देवाजी तोफा व त्यांचे सहकारी यांच्या गावात त्यापूर्वी कित्येक वर्षे दोन प्रथा रुजल्या होत्या. पहिली, अभ्यासगटाची : कायदा व हिशेब आधी समजून घ्यावयाचा, मग सभेपुढे मांडावयाचा. दुसरी, सर्वसहमतीची : बहुमताने कोणाचाही पराभव न करता, सर्वांचे समाधान होईपर्यंत चर्चा करावयाची. वेळ अधिक लागतो. परंतु झालेला निर्णय मोडण्यास कोणी उरत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथून पुढील बोध घ्यावा :

१. योजनेची माहिती सभेच्या काही दिवस आधी द्यावी. खर्च, जागा व लाभ कोणास, हे सोप्या भाषेत सांगावे.

२. सभेची वेळ शेतीची कामे व स्त्रियांची सोय पाहून ठरवावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती केवळ नोंदवहीत राहू नये.

३. भूमिहीन व दूरच्या पाड्यावरील कुटुंबांचे म्हणणे मुद्दाम विचारावे.

४. ठराव सभेत मोठ्याने वाचून दाखवावा व मगच सह्या घ्याव्यात.

५. मागील ठरावाचे काय झाले, ह्याचा हिशेब पुढील सभेत प्रथम मांडावा.

शेतकरी बंधुभगिनींनीही सभा म्हणजे पुढाऱ्यांचे काम असे मानू नये. रिकाम्या सभेतही ठराव होतात. मात्र ते आपले नसतात. कायदा हक्क देतो, पण तो वापरण्यास एकत्र बसलेले गाव लागते. येत्या ग्रामसभेस आपल्या घरातून एक पुरुष व एक स्त्री अवश्य जाईल, एवढा निश्चय प्रत्येक कुटुंबाने करावा.