'कच्चा लिंबू' नको, खरा गडी करा

खो-खो असो, लगोरी असो की गल्लीतले क्रिकेट, गडी वाटून घेताना एखादे मूल शेवटी उरतेच. कुणाचा पाय अधू असतो, कुणाला कमी ऐकू येते, कुणाला खेळाचे नियम चटकन उमगत नाहीत. त्याला घरी पाठवायला नको म्हणून मुले त्याला 'कच्चा लिंबू' करतात. काही ठिकाणी यालाच 'दूधभात' म्हणतात. तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही.

मुलांचा हा चांगुलपणा खरा आहे, तो जपलाच पाहिजे. पण कच्च्या लिंबाच्या धावा कुणी मोजत नाही. जरा मोठे झाल्यावर मुलाला हे कळते आणि ते आपणहून ओट्यावर जाऊन बसते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: त्याच्यासाठी नियम थोडा बदला, पण त्याची धाव मोजा.

खेळ औषधाइतकाच गरजेचा

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली तिने दिव्यांग मुलांसाठीही हेच सांगितले. ज्याला जेवढे झेपेल तेवढ्यापासून सुरुवात करायची. सतत बसून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, वजन वाढते, मूल चिडचिडे होते.

तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ पासून आहे. पण घरी शिकणाऱ्या मुलाला ना खेळाचा तास, ना मधली सुट्टी. त्याचा संघ म्हणजे वस्तीतलीच मुले.

नियम कसा बदलायचा?

अंधांच्या क्रिकेटकडे पाहा. त्यात चेंडूत छर्रे असतात, त्यामुळे तो खुळखुळतो, आणि तो हात खालून सरपटत टाकतात. ज्याला अजिबात दिसत नाही त्याची एक धाव दोन धरली जाते. त्याने एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी समोरचा बाद. ही दया नाही, हा नियम आहे. म्हणूनच तिथे चुरस असते. आपल्या गल्लीतही असे करता येते:

- पळता येत नसेल तर बॅटिंग त्याने करावी, धावायला रनर द्यावा. लगोरीत त्याला जवळून नेम धरू द्यावा.
- कमी दिसत असेल तर चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा. सरकताना त्याचा आवाज येतो.
- ऐकू येत नसेल तर शिट्टीबरोबर रुमालही हलवावा.
- नियम लक्षात राहत नसतील तर एका वेळी एकच सांगावा, तोही करून दाखवावा.

नियम मोठ्यांनी लादू नये. "हिला कसं खेळता येईल?" असे मुलांनाच विचारा, आणि आधी त्या मुलीला विचारा. मुले आपल्यापेक्षा भन्नाट युक्त्या काढतात.

शाबासकी कशी द्यावी?

"बिचारा, किती छान खेळला!" यात कौतुकापेक्षा कीव जास्त. त्याऐवजी नेमके सांगा: "आज तू चेंडू शेवटपर्यंत बघितलास." चुकला तर "राहू दे, तुला नाही जमणार" म्हणू नका, "परत टाक" म्हणा. व्यंगावरून पडलेली टोपणनावे मैदानात चालू देऊ नका. "तो असा का चालतो?" असे लहानग्याने विचारले तर गप्प करू नका. मेंदूकडून स्नायूंना नीट निरोप जात नाही, म्हणून, असे सरळ सांगा. हे कुणाच्या पापाचे फळ नाही, हेही सांगा.

एवढी काळजी घ्या

सिकलसेल विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत आहे. असे मूल खेळू शकते, पण भर उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत नको. थोड्या थोड्या वेळाने पाणी आणि विश्रांती हवी. अंग दुखू लागले की खेळ थांबवा; ताप किंवा छातीत दुखणे असेल तर लगेच दवाखाना गाठा.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड-विटा हलवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा सांधा सैल असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. मूल काय खेळू शकेल याबद्दल शंका असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला विचारा.

सुरुवात लहान करा

पडेल, मुले चिडवतील, या भीतीने आई-बाबा मुलाला घरात ठेवतात. ती भीती आम्हाला कळते. म्हणून आधी शेजारची दोनच मुले बोलवा, पंधरा मिनिटेच खेळू द्या. मग विहाराच्या अंगणात किंवा मैदानात न्या. एक मोठे माणूस जवळ बसावे, पण खेळात पडू नये. आणि आठवड्यातून एकदा तरी त्याला कप्तान करा. गडी वाटून घेण्याची पाळी त्याचीही आली पाहिजे.